आमचे विमान, आपले विमान

जैनाबादच्या आमच्या घरी आलेला पाहुणा ओसरीवरून माजघरात शिरला की त्याची नजर आधी आढ्याकडे जाते. पाळणा टांगण्याच्या जुन्या कडीला तेथे एक विमान टांगलेले असते. बांबूच्या कामट्यांचे, पतंगी कागदाचे, लाल पंखांचे. पाहुणा हसून विचारतो, "नातवाचं का?" नातू अद्याप व्हावयाचा आहे हे ऐकून तो किंचित ओशाळतो आणि पुढचा प्रश्न करतो, "मग कुणाचं?" त्यावर आम्ही कित्येक दिवस मोठ्या ऐटीने एकाच शब्दात उत्तर देत असू, "आमचे."

या उत्तरात काही खोट आहे, हे कळावयास आम्हांस बराच काळ लागला. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या आणि जन्मभर पोरांना सर्वनामे शिकविणाऱ्या माणसास ते कळू नये, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. म्हणूनच या महिन्याचे सदर आम्ही त्या चुकीसाठी राखून ठेवले आहे.

या छंदाचा उगम शाळेत झाला. आमच्या मध्य प्रदेशात मुख्याध्यापकास 'प्रधानपाठक' म्हणतात. नावात पाठ असला तरी दिवस जातो तो मध्यान्ह भोजनाचा हिशेब, गळके छप्पर आणि वरच्या कार्यालयास तातडीने पाठवावयाची माहिती यांत. अशाच एका पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलाने रबराच्या पिळावर उडणारे विमान करून आणले. ते काही केल्या उडेना. दरवेळी डाव्या कुशीवर कोलमडून पडे. मुलगा रडकुंडीस आला, तेव्हा "ठेव इथे, पाहू आपण" असे म्हणून ते आम्ही घरी आणले.

त्या दिवसांत आमचे घर फार शांत झाले होते. मुलगी लग्न होऊन नागपुरास गेली होती, मुलगा नोकरीनिमित्त हैदराबादेस. मुलांच्या शाळा, परीक्षा, आजारपणे यांनी इतकी वर्षे आम्हां दोघांस बोलावयास विषय पुरविले होते. ते विषय घराबाहेर पडले आणि ध्यानात आले की सिलिंडर केव्हा लावला आणि विजेचे बिल भरले का, यापलीकडे आमच्यापाशी बोलावयास फारसे उरलेले नाही. भांडण नव्हते. भांडावयासही काही विषय लागतो!

त्या संध्याकाळी सौ. शिवणाच्या मशीनवर बसली होती. आम्ही विमान जाजमावर ठेवून त्याच्याकडे गंभीर मुद्रेने पाहत होतो. तिने मान वळवून एकदाच पाहिले आणि म्हणाली, "अहो, याचा एक पंख पिळलाय. कागद ओला असताना एकीकडूनच ताणला असणार. खळ दिलेली साडी वाकडी वाळत घातली की तिची किनार अशीच फिरते."

पाहतो तो खरेच! डाव्या पंखाची मागची कड पुढच्या कडेशी समांतर नव्हती. एका पंखाचा कोन हवेशी जास्त आणि दुसऱ्याचा कमी झाला की दोहोंची उचल सारखी राहत नाही आणि विमान कुशीवर जाते. हे तत्त्व आम्हांस पुस्तकातून ठाऊक होते. पंख पाहून ओळखणे मात्र साधले नव्हते. सौ.ने चुलीवरच्या उकळत्या पातेल्याच्या वाफेवर पंख धरला, उलट बाजूस अलगद पीळ दिला आणि तो निवेपर्यंत तसाच धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी ते विमान शाळेच्या व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेले. मुलाने टाळ्या पिटल्या. घरी आल्यावर आम्ही ती हकीकत सांगितली, तेव्हा सौ. एवढेच म्हणाली, "आपण एक करून बघू या का?"

वाचकांनी त्या वाक्यातले 'आपण' ध्यानात ठेवावे. आम्ही ठेवले नाही.

पुढच्या काही महिन्यांत आमच्या घरातल्या वस्तूंना नवेच व्यवसाय मिळाले. बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या कामट्या विळीवर तासल्या जाऊ लागल्या. पंखांवरचा कागद पतंगवाल्याकडचा, डिंकाऐवजी मैद्याची खळ. पंखा कापला दह्याच्या प्लास्टिकच्या डब्यातून, कारण त्या डब्याच्या गोलाव्यामुळे पात्यास हवा तसा बाक आयताच मिळतो. पंख्याच्या आसाशी घर्षण कमी व्हावे म्हणून काचेचा मणी लागतो. तो सौ.च्या तुटलेल्या पोतीतून आला. रबर कोरडे राहिले की तुटते, म्हणून त्यास देवघरातल्या बाटलीतले एरंडेल. सगळे जुळून आल्यावर वजन करावयाचे, तर घरातला तराजू पाव किलोखाली बोलेना. अखेर आम्ही दोघे बऱ्हाणपुरास सराफाकडे गेलो. सराफ मोठ्या आशेने गादीवरून उठला. सौ. म्हणाली, "सोनं नाही, विमान तोलायचंय." सराफाच्या काट्यावर ते रबरासह अठरा ग्रॅम भरले. पंखांचा पसारा पन्नास सेंटीमीटर.

या जातीच्या विमानांचा मूळपुरुष याहून फार मोठा नव्हता. इंग्लंडात जॉर्ज केली यांनी १८०४ साली एका काठीवर कागदी पतंगच पंख म्हणून बसवून घसरत जाणारे छोटे विमान केले होते. परंतु त्यास स्वतःची शक्ती नव्हती. ती दिली आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलेरी बागेत त्याने रबराच्या पिळावर चालणारे विमान उडवून दाखविले. वजन सोळा ग्रॅम, त्यांपैकी पाच ग्रॅम नुसते रबर. ते अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर गेले. शेपटीस त्याने असा कोन दिला होता की विमान वरखाली डुलले तरी आपले आपण सावरे. पेनो त्या वेळी एकवीस वर्षांचा होता. पुढे १८७६ साली त्याने माणसास वाहून नेणाऱ्या विमानाचे पेटंट घेतले, पण ते बांधावयास पैसा मिळाला नाही, पाठबळ मिळाले नाही. शरीर आधीच व्याधीने खचलेले. १८८० साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले.

ही हकीकत आम्ही एका रात्री सौ.ला वाचून दाखविली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याचं रबर कोण धरत असेल हो?"

हा प्रश्न ज्याने अशी विमाने उडविली आहेत त्यालाच उमजेल. रबर नुसते बोटाने पंखा फिरवून पिळले तर त्यात फार फेरे मावत नाहीत. त्याचे पुरते बळ घ्यावयाचे तर एकाने विमान नाकाशी घट्ट धरावे लागते. दुसऱ्याने रबराचे शेपटीकडचे टोक सोडवून ते हाताने फिरवावयाच्या ड्रिलच्या आकड्यास लावावयाचे, मागे सरत सरत रबर तिप्पट-चौपट ताणावयाचे आणि मग फेरे देत देत पावलापावलाने पुढे यावयाचे. फेरे किती झाले याचा हिशेब ठेवावा लागतो आणि रबर 'बोलू' लागले की थांबावे लागते. धरणाऱ्याचा हात हलला तर नाजूक कामट्या मोडतात, ताणणाऱ्याची घाई झाली तर रबर तुटून बोटांवर सपकारा बसतो. पाचशे फेरे भरेपर्यंत दोन माणसे समोरासमोर, एकमेकांच्या हातांकडे पाहत, श्वास रोखून उभी असतात. इतक्या वर्षांत इतका वेळ एकमेकांकडे पाहण्याचा प्रसंग आम्हां उभयतांवर आला नव्हता!

आमचे मैदान म्हणजे आहूखान्याच्या बाजूचे मोकळे रान. आहूखाना म्हणजे मोगलांचे मृगोद्यान. बऱ्हाणपूरचा किल्ला तापीच्या पैलतीरी आणि हे उद्यान ऐलतीरी, आमच्या जैनाबादेत. दख्खनच्या मोहिमेत शाहजहानबरोबर आलेली मुमताजमहल जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात बऱ्हाणपुरास वारली. तिचा देह प्रथम येथेच दफन केला होता. सहा महिन्यांनी तो आग्र्यास नेला. ताजमहाल पाहून आलेले लोक बादशहाच्या प्रेमाचे गोडवे गातात. आम्हां जैनाबादकरांना मात्र आधी आठवते ते हे की ती बाई मोहिमेवरही बरोबर होती. तिच्यासाठी जे बांधले ते ती गेल्यावर.

रविवारी दिवस उगवण्याच्या सुमारास वारा पडलेला असतो. केळीच्या बागांवर धुके असते. अशा वेळी आम्ही विमान सोडीत असू आणि सौ. मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजीत असे. जाणत्यांच्या स्पर्धांतही उडविणारा आपला वेळ आपण मोजत नाही, त्यासाठी वेगळे कालमापक नेमलेले असतात. सौ.ने एक वही घातली होती. तारीख, वारा कोठून, फेरे किती, वेळ किती आणि शेवटी शेरा. शेऱ्यात दयामाया नसे. 'बाभळीत अडकले.' 'नाकावर पडले, पंखा मोडला.' एकदा आम्ही म्हटले, "अगं, पंचवीस सेकंद तरी लिही, चोवीस कसले दिसतात?" ती म्हणाली, "तुम्ही पोरांना एक गुण वाढवून देता का?"

तिच्या या स्वभावाची एक गंमत सांगतो. आमच्या शिक्षककक्षात एकदा शिवकर बापूजी तळपदे यांचा विषय निघाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले हे शिक्षक. त्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविले, अशी कथा आपल्यापैकी बहुतेकांनी अभिमानाने ऐकलेली असते. आम्हीही ती घरी येऊन रंगवून सांगितली. सौ.ने विचारले, "वेळ कुणी मोजली? कुठं लिहून ठेवलंय?" शोधावयास लागलो तर त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा हाती येईना. त्या कथेशी ज्याचे नाव जोडतात त्या 'वैमानिकशास्त्र' ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली केली. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. आम्ही जरा खट्टू झालो. परंतु ज्याची नोंद आहे असेही काही आपल्यापाशी आहेच. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीस घराच्या गच्चीवर खरेखुरे विमान बांधले आणि २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात ते लोकांपुढे मांडले. ते वाचल्यावर सौ.ची प्रतिक्रिया अशी, "गच्चीत विमान, म्हणजे घरच्यांनी पापड-कुरडया वाळवल्या कुठं असतील?"

आता मुख्य गोष्टीकडे वळतो.

आमच्या विमानास एक खोड होती. रबर पुरते पिळले की सुटल्याबरोबर ते डावीकडे झुकून आवळ गिरकी घेई, आणि रबर सैल होत आले की आपोआप सरळ होई. आम्ही त्याचे खापर वाऱ्यावर फोडीत असू. एके दिवशी सौ. वही उघडून समोर बसली. म्हणाली, "हे बघा. या रविवारी वारा तापीकडून होता, या रविवारी उलट बाजूनं. या दिवशी तर वारा नव्हताच. तरी वळतंय डावीकडेच, आणि फेरे जास्त असले की जास्त. वाऱ्याचा यात काही संबंध नाही. हे रबराचंच काम आहे."

आम्ही थक्क झालो. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मागून पाहिले असता पंखा ज्या दिशेने फिरतो तिच्या उलट दिशेने विमानाचे अंग फिरू पाहते. पीळ जितका जोराचा तितके हे उलटे फिरणेही जोराचे. उपाय असा की पंख्याचा आस किंचित उजवीकडे आणि किंचित खाली कलता बसवावयाचा. नाकाशी काडेपेटीच्या काडीची पातळ चकती सरकविली आणि त्या दिवशी विमान मोठ्या संथ वर्तुळात चढत गेले. वहीत प्रथमच अठ्ठावन्न सेकंद लागले.

त्यानंतर एका विज्ञान प्रदर्शनात आम्हांस प्रात्यक्षिकासाठी बोलावणे आले. विमानापुढे ठेवावयाच्या कार्डावर आम्ही आमचे नाव आणि हुद्दा लिहिला. मंचावरून हिंदीत भाषण केले, वहीतले आकडे वाचून दाखविले, डावीकडे वळण्याचे कोडे आणि त्याचा उलगडा मोठ्या खुबीने मांडला. टाळ्या पडल्या. शाल मिळाली, श्रीफळ मिळाले. सौ. दुसऱ्या रांगेत बसली होती. परतताना तिने शालीची घडी पिशवीत नीट ठेवली आणि नारळ हातात घेतला. काही बोलली नाही.

पुढल्या रविवारी तिचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढल्या रविवारीही. आम्ही एकटेच रानात गेलो. बाभळीच्या बुंध्यात खिळा ठोकून त्यास विमान अडकविण्याची युक्ती केली. पहिल्या दिवशी खिळा निसटला, दुसऱ्या दिवशी कामट्या मोडल्या. विमान सोडावयाचे आणि घड्याळही दाबावयाचे, हे एका माणसास साधत नाही. सोडण्यावर लक्ष ठेवले तर वेळ चुके, वेळेकडे पाहावे तर विमान वाकडे सुटे. वहीत सहा आठवडे एक ओळ लागली नाही. घरात पुन्हा सिलिंडर आणि विजेचे बिल सुरू झाले. आम्हांस वाटले, गुडघाच असेल. माणसास जे समजून घ्यावयाचे नसते ते त्यास समजत नाही.

डिसेंबरात शाळेत राइट बंधूंवर बोलावयाचे होते. १७ डिसेंबर १९०३, किटी हॉकची वाळू, पहिले उड्डाण बारा सेकंदांचे, त्या दिवसाचे सर्वांत मोठे एकोणसाठ सेकंदांचे, हे सारे पाठ होते. १८७८ साली वडिलांनी बांबू, बूच आणि कागद यांचे रबरावर उडणारे खेळणे आणून दिले आणि त्यातून दोघा भावांस हा नाद लागला, हेही ठाऊक होते. तयारी करताना मात्र त्यांच्या बहिणीविषयी प्रथमच सविस्तर वाचले. कॅथरीन राइट ही आमच्याच पेशातली, डेटनच्या शाळेत लॅटिन शिकवीत असे. सप्टेंबर १९०८ मध्ये ऑर्व्हिल विमानासह कोसळून जबर जखमी झाला, तेव्हा ती वर्ग सोडून धावली. कित्येक आठवडे रुग्णालयात त्याच्या उशाशी बसली. शिकविण्याच्या कामावर ती पुन्हा परतली नाही. दुसऱ्या वर्षी भावांबरोबर युरोपात गेली, त्यांचा पत्रव्यवहार, भेटीगाठी सांभाळल्या. पुढे १९२६ साली, पन्नाशी उलटल्यावर, तिने विवाह केला. ऑर्व्हिलला तो इतका झोंबला की तो लग्नास गेला नाही आणि तिच्याशी बोलणेही त्याने टाकले. १९२९ साली ती न्युमोनियाने अंथरुणास खिळली. तो पोचला तो अगदी अखेरच्या घटकेस.

भाषण आधी घरी वाचून दाखविण्याचा आमचा परिपाठ आहे. वाचून झाले. सौ. तांदूळ निवडीत होती. म्हणाली, "या बाईंचं नाव आपण शाळेत कधी ऐकलं नाही." मग थोडे थांबून, ताटातली नजर न काढता, "त्या दिवशी मंचावर तुम्ही म्हणालात, 'हमने देखा कि हवा का कोई दोष नहीं.' मी वाट बघत होते. म्हटलं, आता सांगतील हम म्हणजे कोण कोण."

आम्हांस उत्तर सुचले नाही.

"हिंदीतल्या 'हम'चं काही कळत नाही," ती पुढे म्हणाली. "त्यात मी असेनही, नसेनही. मराठीत बोलला असतात तर कळलं असतं."

वाचकहो, आपण परप्रांतात राहणारी मराठी माणसे. आपली मुले दिवसभर 'हम' म्हणतात आणि घरी आल्यावर मराठीतही कधी कधी 'आम्ही' आणि 'आपण' यांची गल्लत करतात. आपण त्यांस सुधारतो, "अरे, मला घेऊन जाणार असशील तर 'आपण' म्हण, मला सोडून जाणार असशील तर 'आम्ही'." आमच्या शेजारच्या गुजराती घरांतही 'अमे' आणि 'आपणे' असा हाच भेद आहे. ऐकणाऱ्यास आत घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे, हे या दोन शब्दांत ठरते. त्या दिवशी सौ. ऐकणाऱ्यांत बसली होती. मराठीत बोललो असतो तर आम्ही 'आम्ही'च म्हणालो असतो आणि व्याकरणाच्या नियमाने ती बाहेर पडली असती. तिची जागा मंचावर, वही हातात घेऊन, आमच्या शेजारी होती. दुसऱ्या रांगेत तिला आम्हीच बसविले होते. शोध तिचा, नोंदी तिच्या आणि शाल आमच्या खांद्यावर! वर हे सदर. येथे आम्ही स्वतःस 'आम्ही' लिहितो आणि तिला 'ती'. एका माणसास एवढे अनेकवचन पुरे नव्हते काय?

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुलांपुढे राइट बंधू सांगितले, कॅथरीन सांगितली आणि शेवटी आमची चूकही सांगितली. आमचे विमान डावीकडे का वळे, हे आम्ही नव्हे, आमच्या पत्नीने वहीतल्या नोंदींवरून शोधून काढले आणि प्रदर्शनात हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे झाले, असे स्पष्ट शब्दांत म्हटले. प्रदर्शनाच्या आयोजकांनाही तसे पत्र घातले. शाळेत क्षणभर शांतता होती. मग सहावीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले, "सर, मॅडम हमें भी सिखाएँगी क्या?"

घरी आल्यावर नव्या पंखावर दोघांची नावे रंगाने लिहावयाची, असा आमचा बेत होता. सौ.ने कुंचला हातातून काढून घेतला. "नाव नको. वजन वाढेल." फार आग्रह केला तेव्हा पेन्सिलीने बारीक अक्षरांत 'जैनाबाद' एवढे लिहू दिले, हरवले तर कोणी आणून द्यावे म्हणून. मात्र वहीत तिने नवा रकाना आखला, 'सोडणार कोण'.

इतक्या दिवसांत विमान हातातून सोडण्याचे काम आम्ही तिला एकदाही दिले नव्हते, हे तो रकाना पाहून लक्षात आले. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही विमान नाकाशी धरले, सौ.ने रबर ताणले, फेरे दिले, मोजले. मग विमान तिच्या हाती आणि घड्याळ आमच्या हाती. घरून निघावयास उशीर झाल्यामुळे ऊन चांगले वर आले होते. नांगरलेल्या काळ्या जमिनीवरची हवा तापू लागली की ती वर चढते आणि तिच्या आधाराने घारी पंख न हलविता घिरट्या घालतात. सौ.ने काही वेळ घारींकडे पाहिले. एक घार आमच्या डोक्यावरून फिरू लागली तेव्हा तिने विमान फेकले नाही, नुसते सोडले. आम्ही फेकीत असू.

रबर साधारण चाळीस सेकंदांत संपले. विमान खाली यावयास हवे होते. आले नाही. पंखा थांबला तरी ते गोल गोल फिरत वरच चढत राहिले. बारादरीच्या माथ्यावरून, केळीच्या बागांवरून, तापीच्या पात्राकडे. लाल ठिपका झाला, मग काळा. आम्ही मान मागे टाकून पाहत राहिलो. "गेलं!" असे सौ. म्हणाली तेव्हा घड्याळात चार मिनिटे अकरा सेकंद झाले होते.

आम्ही आनंदाने वही उघडली. लेखणी टेकविली आणि थांबलो. खरे सांगावयाचे तर तीन मिनिटे चाळीस सेकंदांनंतर ज्या ठिपक्याकडे आम्ही पाहत होतो तो विमानाचा की घारीचा, हे आमच्या चष्म्यास सांगता येत नव्हते. सौ.ची नजर अधिक स्वच्छ. तिला अखेरपर्यंत दिसले असणार. "मोजणारे तुम्ही होता," ती म्हणाली. "तुम्हाला दिसलं तेवढंच लिहा." तिच्या हातच्या पहिल्याच उड्डाणाचे एकतीस सेकंद तिने स्वतः कापून टाकले. वहीत नोंद आहे: वारा मंद, फेरे ५००, सोडणार सौ., वेळ ३ मि. ४० से. शेरा: 'परत आले नाही.'

ते विमान अद्याप कोणी आणून दिलेले नाही. नदीपलीकडे बऱ्हाणपुराच्या एखाद्या धाब्यावर पडले असेल, किंवा तापीत गेले असेल. सहावीतल्या त्या मुलीसह आठ मुले आता शनिवारी दुपारी आमच्या ओसरीवर कामट्या तासावयास येतात. त्यांना वाफेवर पंख सरळ करावयास सौ. शिकविते. आमच्याकडे खळ शिजविण्याचे काम आहे.

माजघरातल्या कडीला नवे विमान टांगले आहे. पाहुणे पूर्वीप्रमाणेच विचारतात, "कुणाचं?" पाहुण्यास 'आपले' म्हणावे तर तोही त्यात शिरतो, तेव्हा व्याकरणाप्रमाणे उत्तर आजही 'आमचे' हेच बरोबर आहे. फक्त आता आम्ही ते घाईने देत नाही. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत थांबतो.